मालदीवच्या सफारी बोटीवर जाताना: आठवडाभराच्या डायव्हिंगसाठी सामान कसे बांधावे

मालदीवमध्ये ज्या बोटीवर राहून आठवडाभर डायव्हिंग करता येते तिला तिथे सफारी बोट म्हणतात, तर डायव्हिंग करणारी मंडळी तिचा उल्लेख लिव्हअबोर्ड असा करतात. मुंबईहून माले थेट विमानाने साधारण तीन तासांवर असल्यामुळे तारकर्ली, गोवा किंवा अंदमान येथे डायव्हिंग शिकलेल्या अनेकांची पहिली लिव्हअबोर्ड सहल मालदीवचीच असते. या सहलीचे सामान रिसॉर्टच्या सुट्टीसारखे बांधून चालत नाही, कारण बोटीने एकदा माले सोडले की पुढचे सहा-सात दिवस ना दुकान असते, ना औषधालय. उलट बोटीवर जागा इतकी बेताची असते की भरमसाट सामान नेले तर त्याचा आठवडाभर अडथळाच होतो.

म्हणून यादी करताना मी एकच कसोटी लावण्याचा आग्रह धरेन. जी वस्तू आपल्या शरीराच्या मापाची असावी लागते आणि जी नसल्यास एखादी डाइव्ह बुडू शकते, ती स्वतःची न्यावी. बाकी सारे बोटीवर मिळेल किंवा त्यावाचून भागेल. मास्क, डाइव्ह कॉम्प्युटर (खोली व वेळ मोजणारे मनगटी उपकरण), कानाचे थेंब आणि बोट लागण्यावरची गोळी या कसोटीला उतरतात. तिसरी जीन्स उतरत नाही.

पहिली पायरी: बोटीला आधी विचारून घ्यावे

सामान काढण्यापूर्वी, निदान महिनाभर आधी, बोटीच्या चालकांना काही गोष्टी लेखी विचाराव्यात. भाड्याने कोणते साहित्य मिळते, आपल्या मापाचा वेटसूट (पाण्यात ऊब टिकवणारा पोशाख) आणि फिन्स (पायात घालायचे पंख) आहेत का, नायट्रॉक्स (म्हणजे जास्त प्राणवायू असलेली हवा) दरात धरलेला आहे की वेगळा, सिलिंडरला कोणत्या प्रकारचा व्हॉल्व्ह आहे, टॉवेल बोटीवर मिळतात का आणि किमान किती डाइव्हचा अनुभव लागतो, हे प्रश्न अगदी आवश्यक आहेत. मालदीवमधील डायव्हिंगचा मोठा भाग ‘कंडू’ म्हणजे प्रवाळकड्यांमधून जाणाऱ्या खाड्यांमध्ये चालतो आणि तेथे प्रवाह जोरदार असतो. त्यामुळे अनेक बोटी अ‍ॅडव्हान्स्ड प्रमाणपत्र मागतात. ही अट माले येथे पोहोचल्यावर कळण्यात काहीच अर्थ नाही.

आपण शाकाहारी असलो तर तेही याच पत्रात कळवावे. मालदीवच्या स्वयंपाकात ट्यूना सर्वत्र असतो. न्याहरीला मिळणारी ‘मस हुनी’ ओल्या खोबऱ्याच्या कोशिंबिरीसारखी दिसते, पण तिच्यात बारीक केलेला ट्यूना असतो; वाळवलेल्या ट्यूनाचे तुकडे रश्शातही पडतात. नुसते ‘मांस नको’ असे लिहिले तर मासे चालतील असा अर्थ होऊ शकतो, म्हणून ‘मांस, मासे, अंडी यांपैकी काय चालत नाही’ हे स्पष्ट लिहावे.

दुसरी पायरी: कागदपत्रे

किमान सहा महिने वैधता शिल्लक असलेला पासपोर्ट, परतीचे तिकीट आणि बोटीच्या आरक्षणाचा कागद हाताच्या पिशवीत असावा. भारतीय नागरिकांना पर्यटनासाठी आगाऊ व्हिसा घ्यावा लागत नाही. मात्र प्रवासापूर्वीच्या 96 तासांत ‘इमुगा’ या सरकारी संकेतस्थळावर प्रवासी घोषणापत्र भरावे लागते. ते विनामूल्य आहे. त्यासाठी पैसे मागणारी स्थळे सरकारी नाहीत.

डायव्हिंगची कागदपत्रे वेगळ्या पाकिटात ठेवावीत: प्रमाणपत्राचे कार्ड, नायट्रॉक्सचे कार्ड, लॉगबुक, विम्याची प्रत आणि वैद्यकीय प्रश्नावली. या प्रश्नावलीकडे फार लोक दुर्लक्ष करतात. दमा, रक्तदाब, मधुमेह, अलीकडची शस्त्रक्रिया अशा प्रश्नांपैकी ज्यांना ‘हो’ असे उत्तर द्यावे लागते त्यातील अनेकांसाठी डॉक्टरांची लेखी संमती लागते आणि ती बोटीवर मिळवणे अशक्य असते. म्हणून प्रश्नावली आधी मागवून, भरून, गरज असल्यास डॉक्टरांची सही घेऊनच निघावे. विम्याच्या बाबतीत एवढे नक्की तपासावे की स्कूबा डायव्हिंग, दाबकक्षातील (डायव्हिंगच्या आजारावर वाढीव दाबाखाली उपचार करण्याच्या खोलीतील) उपचार आणि आजाऱ्याला बोटीवरून हलवण्याचा खर्च त्यात स्पष्टपणे समाविष्ट आहे. साध्या प्रवास विम्यातून साहसी खेळ पुष्कळदा वगळलेले असतात. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या संस्थेचा डायव्हिंगसाठीचा विमा यासाठीच घेतला जातो.

तिसरी पायरी: काय मुळीच न्यायचे नाही

मालदीवचा सीमाशुल्क विभाग दारू, डुकराचे मांस व त्याचे पदार्थ आणि पूजेच्या मूर्ती देशात आणू देत नाही. आपल्याकडे प्रवासात पर्सच्या कप्प्यात छोटा गणपती ठेवण्याची सवय अनेकांना असते. ती मूर्ती या वेळी श्रद्धापूर्वक देवघरातच ठेवून निघावे, म्हणजे तपासणीत ती कोणाच्या तरी हातात जाण्याची वेळ येणार नाही. मुंबई विमानतळावर घेतलेली दारूची बाटली माले येथे ताब्यात घेतली जाते आणि पावती देऊन परतीच्या वेळी परत मिळते. ई-सिगारेटवर नोव्हेंबर 2024 पासून बंदी आहे. ड्रोनसाठी पूर्वपरवानगी लागते. झोपेच्या किंवा चिंतेवरच्या गोळ्या, तसेच कोडीन वा ट्रामाडॉल असलेली वेदनाशामके याबाबत नियम कडक आहेत. अशी औषधे आवश्यकच असतील तर नियम आधी तपासून, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, मूळ वेष्टनात आणि सहलीपुरतीच न्यावीत.

चौथी पायरी: बॅग कोणती

कडक कवचाची चाकांची बॅग घरी ठेवावी. केबिनमध्ये पलंगाखालच्या फटीत किंवा कपाटाच्या तळाशी जी घडी होऊन बसते अशी मऊ डफल बॅगच बोटीवर उपयोगाची असते. तिच्यात एक जाळीची पिशवी ठेवावी, कारण मालदीवमध्ये डायव्हिंगचे साहित्य मोठ्या बोटीवर राहतच नाही. सोबत चालणाऱ्या ‘धोनी’ नावाच्या दुसऱ्या बोटीवर सिलिंडर आणि कॉम्प्रेसर असतो. पहिल्याच दिवशी प्रत्येकाला तिथे बाकावर एक जागा आणि खाली एक टोपली मिळते, आणि आपले साहित्य शेवटपर्यंत तिथेच मुक्कामाला असते. त्यामुळे बांधतानाच दोन भाग करावेत: धोनीवर जाणारे आणि केबिनमध्ये राहणारे. डाइव्हनंतर लागणारा पंचा, पाण्याची बाटली आणि विंडचीटर रोज धोनीवर नेण्यासाठी दहा-पंधरा लिटरची एक जलरोधक पिशवी पुरते.

विमानात रेग्युलेटर (सिलिंडरमधील हवा श्वासासाठी देणारे उपकरण), डाइव्ह कॉम्प्युटर, मास्क, एक पोहण्याचा पोशाख आणि औषधे हाताच्या सामानात ठेवावीत. मोठी बॅग एका दिवसाने उशिरा आली तर बोट थांबत नाही. या वस्तू सोबत असतील तर बाकीचे साहित्य भाड्याने घेऊन डायव्हिंग सुरू करता येते. डाइव्हचा चाकू अर्थातच मोठ्या बॅगेत जातो.

पाचवी पायरी: डायव्हिंगचे साहित्य

सर्वप्रथम मास्क. तो कपाळावरचे केस मागे सारून, पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवावा आणि नाकाने हलकेच श्वास आत ओढावा. हात सोडल्यावरही मास्क जागच्या जागी राहिला तर तो आपल्या चेहऱ्याचा आहे. मिशीच्या रेषेत हवा शिरत असेल तर पाणीही शिरणारच. नव्या मास्कच्या काचेवर कारखान्यातून आलेला सिलिकॉनचा अदृश्य थर असतो आणि त्यामुळे काच सतत धुरकट होते. त्यासाठी साधी पांढरी टूथपेस्ट, जेल नव्हे, काचेच्या आतील बाजूस बोटाने दोन-तीन मिनिटे चोळून धुवावी आणि हे तीन-चारदा करावे. रोजच्या वापरासाठी लहान मुलांचा शाम्पू पाण्यात पातळ करून छोट्या बाटलीत भरून न्यावा. चष्मा असलेल्यांनी नंबरच्या काचा बसवलेला मास्क करून घ्यावा. तो बुडाला किंवा फुटला तर सहलच अंधुक होते, म्हणून दुसरा साधा मास्क आणि कॉन्टॅक्ट लेन्स यांची तरतूद असावी.

डाइव्ह कॉम्प्युटर स्वतःचाच हवा. दिवसाला तीन-चार डाइव्ह असताना शरीरात साठणाऱ्या नायट्रोजनचा हिशेब मनगटावर सलग चालू राहावा लागतो. मध्येच दुसऱ्याचे उपकरण घेतले की तो हिशेब तुटतो. बॅटरी निघण्यापूर्वी बदलावी. मालदीवच्या नियमांनुसार मनोरंजनासाठीच्या डाइव्हची कमाल खोली 30 मीटर आहे. 32 टक्के प्राणवायूच्या नायट्रॉक्सची, प्राणवायूच्या दाबाच्या 1.4 बार या मर्यादेनुसार येणारी खोली साधारण 33 मीटर असल्याने तो या खोलीपर्यंत चालतो, आणि माझ्या मते आठवडाभराच्या सहलीपूर्वी नायट्रॉक्सचा छोटा अभ्यासक्रम करून घेणे हा सर्वांत शहाणपणाचा खर्च आहे. सिलिंडरमधील प्राणवायूचे प्रमाण मात्र प्रत्येक वेळी स्वतः मोजायचे.

रेग्युलेटर स्वतःचा असेल तर त्याची सर्व्हिसिंग सहलीच्या आदल्या दिवशी नव्हे, तर काही आठवडे आधी करावी आणि त्यानंतर तलावात एकदा तो वापरून पाहावा. सर्व्हिसिंगमधील दोष पहिल्या श्वासातच कळतात आणि ते घरी कळलेले बरे. बीसीडी, म्हणजे हवा भरून तरंगणे सांभाळायचे जाकीट, जड असते. ती भाड्याने घ्यायला माझी हरकत नाही, पण मापाची चौकशी आधी करावी. शिशाची वजने बोटीवर मिळतात, ती विमानाने वाहून नेऊ नयेत.

वेटसूटबद्दल नेहमी गैरसमज होतो. मालदीवचे पाणी वर्षभर साधारण 27 ते 30 अंश सेल्सिअस असते, म्हणून पहिल्या दिवशी टी-शर्टही पुरेल असे वाटते. पण पाणी हवेपेक्षा जवळपास पंचवीस पट वेगाने शरीराची उष्णता खेचते आणि रोजच्या तीन-चार तासांच्या डायव्हिंगमुळे थंडी दिवसेंदिवस साठत जाते. चौथ्या दिवशी पहाटेच्या डाइव्हला कुडकुडणाऱ्या माणसाची हवा लवकर संपते आणि त्याच्यामुळे जोडीदारालाही वर यावे लागते. म्हणून तीन मिलिमीटरचा पूर्ण बाह्यांचा सूट न्यावा. ज्यांना थंडी लवकर वाजते त्यांनी टोपीसहित पातळ बंडीही घ्यावी. सूटच्या आत घालायला तलम रॅश गार्ड असला तर मान व काखा घासून सोलवटत नाहीत.

सुरक्षेची साधने हा या यादीचा गाभा आहे. खाडीच्या तोंडाशी प्रवाह गटाला समुद्राकडे ओढू शकतो आणि लाटांमध्ये माणसाचे डोके धोनीवरून दिसत नाही. दीड मीटरपेक्षा उंच, भडक नारिंगी रंगाचा पृष्ठभाग-निशाण फुगा, त्याच्यासाठी तीस मीटर दोरीची फिरकी, शिट्टी आणि एक छोटा टॉर्च हे प्रत्येकाकडे स्वतंत्र असावे. हा फुगा पाण्याखालून सोडण्याचा सराव निघण्यापूर्वी तलावात करावा, कारण दोरी बोटांत अडकली की माणूस फुग्याबरोबर वर ओढला जातो. प्रवाहात एका जागी थांबून करड्या शार्क पाहण्यासाठी रीफ हूक लागतो. तो बोटीवर मिळतो का ते विचारावे आणि वापरताना तो केवळ मेलेल्या खडकातच अडकवावा, जिवंत प्रवाळात नव्हे. हातमोजे घातले की माणूस नकळत प्रवाळाला धरू लागतो, म्हणून मी ते नेण्याच्या विरुद्ध आहे.

स्नॉर्कल, म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागावर पोहताना श्वास घेण्याची नळी, मात्र विसरू नये. बा अटॉलमधील (अटॉल म्हणजे कंकणाकृती प्रवाळबेटांचा समूह) हनिफारू उपसागरात मांटा रे हे अवाढव्य चपटे मासे मोठ्या संख्येने खाण्यासाठी जमतात, पण तेथे सिलिंडरसह उतरण्यास मनाई आहे. केवळ स्नॉर्कलिंग करता येते. हे अटॉल 2011 पासून युनेस्कोचे जीवावरण राखीव क्षेत्र आहे. दक्षिण अरी अटॉलमध्ये व्हेल शार्क दिसला की बोटीवरून पटकन उड्या पडतात, तेव्हाही स्नॉर्कलच कामी येते.

सुट्या भागांची एक छोटी डबी करावी: मास्क व फिन्सचा जादा पट्टा, रेग्युलेटरचा माउथपीस (तोंडात धरायचा भाग), ओ-रिंग (हवा गळू न देणारी रबरी कडी), प्लॅस्टिकच्या बंधपट्ट्या, सिलिकॉन ग्रीस, थोडी दोरी. या डबीचे वजन पावकिलोही भरत नाही.

सहावी पायरी: औषधे

सहलीपूर्वी दोन-तीन आठवडे कान-नाक-घसातज्ज्ञांकडून कान तपासून घ्यावेत. कानातला मळ काढायचा असेल तर तो तेव्हाच निघावा. आठवडाभर पाण्यात राहिल्याने कानाच्या नळीची त्वचा मऊ पडून बाहेरच्या कानाचा जंतुसंसर्ग होतो आणि मग डायव्हिंग बंद. कान कोरडे ठेवणारे अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडचे थेंब डॉक्टरांकडून लिहून घेऊन दिवसाच्या शेवटी प्रत्येक कानात घालावेत आणि साधारण पाच मिनिटे डोके कलते ठेवावे. पडद्याला छिद्र असेल तर मात्र ते वापरू नयेत. कान काड्यांनी कोरू नयेत. नाक चोंदले असेल तर ते मोकळे करणाऱ्या गोळ्या घेऊन डाइव्ह करणे धोक्याचे आहे, कारण गोळीचा अंमल पाण्याखालीच उतरला तर वर येताना हवा कोंडून राहते. साधा सलाइनचा फवारा सोबत असावा आणि सर्दी वाढली तर एक दिवस बोटीवर बसावे.

बोट लागण्याचा त्रास मे ते नोव्हेंबर या नैऋत्य मोसमात अधिक होतो. एसटीने घाट चढताना आपल्याकडे घरोघरी दिली जाणारी अ‍ॅव्होमिन इथेही उपयोगी पडते, पण तिने गुंगी येते आणि पाण्याखाली गुंगी नको. म्हणून कोणती गोळी व किती घ्यायची हे डॉक्टरांना डायव्हिंगचा उल्लेख करून विचारावे आणि ती घरी सुट्टीच्या दिवशी एकदा घेऊन पाहावी. मळमळ सुरू झाल्यावर गोळीचा फारसा उपयोग होत नाही; ती प्रवाळकड्यांच्या बाहेरचा लांब पल्ला सुरू होण्याच्या आधीच पोटात असावी. आलेपाक जवळ ठेवावा. केबिन निवडता येत असेल तर खालच्या मजल्यावरची, बोटीच्या मध्यभागाजवळची घ्यावी.

ओल्या पोशाखात तासन् तास बसल्याने जांघेत बुरशी येते, हे कोणी सहसा सांगत नाही. क्लोट्रिमाझोलची पावडर, व्हॅसलीन आणि लगेच बदलायला कोरडे कपडे हा त्यावरचा उपाय आहे. याखेरीज ओआरएसची पाकिटे, पॅरासिटामॉल, सेटिरिझिन, जुलाबावरची औषधे, प्रवाळाने खरचटल्यास पोव्हिडोन आयोडीन आणि पाण्यात न सुटणाऱ्या पट्ट्या असाव्यात. महिलांनी आपल्या गरजेचे सारे साहित्य घरूनच न्यावे. बोटीच्या शौचालयात काहीही टाकता येत नाही, त्यामुळे कचऱ्यासाठी बंद होणाऱ्या पिशव्या न्याव्यात किंवा सवय असल्यास मेन्स्ट्रुअल कप वापरावा.

सातवी पायरी: कपडे आणि ऊन

कपड्यांची यादी छोटी आहे. दोन-तीन पोहण्याचे पोशाख, चार-पाच सुती टी-शर्ट, दोन हाफ पँट, एक पूर्ण पायजमा. स्थानिक वस्तीच्या बेटावर उतरायचे असल्यास खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे लागतात. डाइव्हनंतर धोनीवर ओल्या अंगाला वारा झोंबतो, त्यासाठी विंडचीटर; केबिनमधल्या एसीसाठी पातळ शाल. जाड टर्किश टॉवेलपेक्षा आपला पंचा कितीतरी चांगला, कारण तो तासाभरात वाळतो. वाळत घातलेले कपडे समुद्रात उडू नयेत म्हणून डझनभर चिमटे न्यावेत. चपला बोटीवर चढतानाच टोपलीत जमा होतात आणि आठवडाभर सारे अनवाणी फिरतात, त्यामुळे एकच जोड पुरे.

माले विषुववृत्तापासून जेमतेम चार अंशांवर आहे आणि पाण्यावरून परावर्तित होणारे ऊन छपराखालीही भाजते. पूर्ण बाह्यांचा शर्ट, दोरी असलेली टोपी आणि गडद चष्मा ही खरी तटबंदी. सनस्क्रीन फक्त उघड्या राहिलेल्या भागासाठी. ते झिंक ऑक्साइडचे घ्यावे. ऑक्सिबेन्झोन प्रवाळांना हानिकारक ठरल्याने हवाई आणि पलाऊ यांनी अशी उत्पादने कायद्याने रोखली आहेत, आणि जे प्रवाळ पाहायला आपण जातो त्यांच्यावर ते पसरवणे मला अजिबात पटत नाही.

आठवी पायरी: वीज, पैसे आणि खाऊ

मालदीवमध्ये 230 व्होल्टची वीज आणि बहुतांशी ब्रिटिश पद्धतीचे तीन चौकोनी पिनांचे सॉकेट असतात, म्हणून जुळणारा अ‍ॅडॉप्टर आणि अनेक यूएसबी तोंडे असलेला एक चार्जर न्यावा. पॉवर बँक व सुट्या लिथियम बॅटऱ्या विमानात हाताच्या सामानातच चालतात. सर्वसाधारण मर्यादा 100 वॅट-तास असते आणि 20,000 एमएएचची पॉवर बँक सुमारे 74 वॅट-तासांची भरते. 2 सप्टेंबर 2019 रोजी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ ‘कन्सेप्शन’ या डाइव्ह बोटीला रात्री आग लागून 34 जणांचा मृत्यू झाला. रात्रीची गस्त त्या वेळी नव्हती. आगीचे नेमके मूळ निश्चित झाले नाही, तरी चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्यांबद्दलची सावधगिरी तेव्हापासून सर्वत्र वाढली. कॅमेरा, टॉर्च यांच्या बॅटऱ्या दिवसा, आपण जागे असताना आणि बोटीने नेमून दिलेल्या जागीच चार्ज कराव्यात. पलंगावर चार्जिंग कधीही करू नये. बोटीवर पाय ठेवल्यावर आपल्या केबिनमधून बाहेर पडण्याचे दोन्ही मार्ग स्वतः चालून पाहावेत आणि उशाशी छोटा टॉर्च ठेवावा.

सुट्या डॉलरच्या स्वच्छ, न फाटलेल्या नोटा बरोबर असाव्यात, कारण बोटीवरील कर्मचाऱ्यांना अखेरीस रोख बक्षिसी देण्याचा प्रघात आहे. खाऊ थोडाच न्यावा: दोन डाइव्हच्या मध्ये लागणारे राजगिऱ्याचे किंवा शेंगदाण्याचे लाडू, एखादी कोरडी चटणी. हवाबंद डबा हवाच, नाहीतर खारट दमट हवेत दोन दिवसांत सारे मऊ पडते.

शेवटची पायरी: परतीची बांधाबांध

परतीचे सामानही निघतानाच डोक्यात असावे लागते. डायव्हर्स अलर्ट नेटवर्कच्या शिफारशीनुसार अनेक दिवसांच्या सलग डायव्हिंगनंतर विमानप्रवासापूर्वी किमान 18 तास जाऊ द्यावेत. मी पूर्ण 24 तास ठेवण्याचा आग्रह धरेन आणि तिकीट त्याप्रमाणेच काढावे. या अवधीत साहित्य गोड्या पाण्यातून काढून सावलीत वाळवावे. रेग्युलेटर धुण्यापूर्वी त्याचे धूळटोपण कोरडे करून घट्ट लावावे, आणि बीसीडी उलटी धरून तिच्या आत शिरलेले पाणी काढून टाकावे. ओला वेटसूट किलो-दोन किलो सहज जास्त भरतो, म्हणून वजनाच्या मर्यादेत तेवढी मोकळीक जातानाच ठेवावी आणि एक जाड प्लॅस्टिकची पिशवी बॅगेच्या तळाशी घडी करून न्यावी. किनाऱ्यावरचे शंख, प्रवाळाचे तुकडे काही उचलू नये; प्रवाळ आणि कासवाचे कवच देशाबाहेर नेण्यास बंदी आहे. येताना विमानतळावर एखादी वस्तू जमा केली असेल तर तिची पावती पासपोर्टसोबत ठेवावी आणि ती सोडवून घेण्यासाठी तिथे थोडे लवकर पोहोचावे.